झिंगाट, हलगी आणि आपली अभिरुची

(जयंतीच्या तयारीच्या वेळी वस्तीतल्या अभ्यास मंडळात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे तोंडात आलं ते शक्यतो तसंच ठेवलं आहे.)



गेल्या रविवारच्या मीटिंगमध्ये काय झालं ते इथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मिरवणुकीचा रस्ता कोणता, पाण्याचे ड्रम कुठं, पुस्तकांचा स्टॉल कुणाकडे, हे पंधरा मिनिटांत आटपलं. मग कुणीतरी विचारलं, डीजेला गाण्यांची यादी कोण देणार? आणि 'झिंगाट'चं नाव निघालं. त्या एका नावावर अडीच तास गेले. दोघं तावातावानं उठून गेले. एकानं माझी आय काढली, ती नंतर चहा पाजून परत घेतली. शेवटी मंडळानं ठरवलं, तूच लई बोलतोस, आता याच्यावर रीतसर बोल. म्हणून उभा आहे.

दोन्ही बाजू आधी सांगून टाकतो. आपला एक मित्र, ज्याच्या वाचनाचा मला आदर आहे, तो म्हणाला की हे गाणं नव्हे, हा कचरा आहे. भांडवलदार कंपनीनं विकलेली झिंग आहे. ज्या माणसानं आपल्याला शिका म्हणून सांगितलं त्याच्या जयंतीला आपण याच्यावर कंबर हलवायची? आणि समोरून दुसऱ्यानं काय उत्तर दिलं? 'भारीय रे. बास.' एवढंच. त्याला पुढं बोलता येईना. अडीच तासांत तो तेच वाक्य सात-आठ वेळा बोलला. आता मला अडचण अशी आहे की पहिला नीट बोलला आणि दुसरा नीट बोलला नाही, पण मला दुसऱ्याचं जास्त पटलं. ज्याला नीट बोलता येत नाही तो चुकीचाच असतो, हे मास्तरांचं गणित झालं. ते आपण शाळेत भरपूर सोसलंय.

तेव्हा त्याच्या वतीनं मी बोलून बघतो. पण आधी खरं सांगतो. परवा सकाळी अंघोळ करून, एकटा बसून, कानात इअरफोन घालून मी 'झिंगाट' तीन वेळा ऐकलं. डोकं थंड ठेवून. गाणं म्हणून ते फार काही नाही. चाल एवढीशी आहे, तीच फिरवून फिरवून आणलीय. शब्दांत नवं काय? पोरगा प्रेमात पडलाय, अत्तर फासलंय, तिच्या नावाचं अक्षर अंगावर गोंदवून घेतलंय आणि लग्नाला उतावीळ झालाय. संपलं. वामनदादा कर्डकांच्या एका गाण्यात जेवढा ऐवज असतो तेवढा अशा दहा गाण्यांत सापडायचा नाही. त्याच सिनेमाच्या संगीतासाठी अजय-अतुल अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेले, सोनीच्या मोठ्या स्टुडिओत तिथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. ते व्हायोलिनचे ताफे बाकीच्या गाण्यांत ऐका, ऐकण्यासारखे आहेत. पण महाराष्ट्र नाचला कशावर? ज्यात त्या व्हायोलिनची काही गरजच नाही त्या गाण्यावर.

आणि तेच गाणं संध्याकाळी नाक्यावर लागलं. कुणाच्या तरी हळदीला. मी भाजी घेऊन चाललो होतो. माझं मत तयार होतं, सकाळीच बनवलेलं, ताजं. पण पिशवी हातात आणि टाच जमिनीवर आपटायला लागली. एक पोरगं ओढून घेऊन गेलं. वांगी सांडली. पाऊण तासानं घरी गेलो तर आईनं विचारलं, भाजी आणायला कल्याणला गेला होतास का?

आता हे काय आहे? याला नुसतं 'नशा' म्हणून चालणार नाही. मला यातली कारागिरी शोधावीशी वाटते. पहिली गोष्ट, या गाण्याला स्टेप लागत नाही. जी गाणी नाचायला क्लास लावावा लागतो ती कुणाची असतात ते आपण जाणतो. इथं हात वर, गुडघा वर, आणि बाजूवाल्याच्या पायावर पाय. झालं. दुसरी गोष्ट, गळा लागत नाही. सगळ्यांनी मिळून ओरडायचं असं ते बांधलंय. बेसूर माणूस त्यात लपून जातो. तिसरी, ती भाषा. शेवटी 'या' लावून बोलणारी, आपल्या मावशीची, एसटी स्टँडवरची भाषा. जी बोलल्यावर दादरच्या कॉलेजात पहिल्या दिवशी मागचा बाक हसायचा. तीच भाषा डॉल्बीतून अशी फेकलीय की हसणाऱ्यांची पोरं आज स्वतःच्या रिसेप्शनला ती ओरडतात. हे काही लहान काम नव्हे. गाणं सामान्य असेल, पण ते काम सामान्य नाही.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच आहे. ते माझ्या आज्याबद्दल आहे.

माझा आजा हलगी वाजवायचा. आम्ही मांगवाड्यातले. आमच्यात हलगी घरोघर. लग्न पाटलाचं असलं की चार दिवस आजा तिथं. सकाळी जाळ करायचा, हलगी शेकायची, कातडं ताणलं की बोटानं टिचकी मारून ऐकायचं, आणि मग दिवसभर उभ्यानं वाजवायचं. नवरदेव पारण्यावर निघाला की पुढं आजा. वरातीत पुढं आजा. देवळाच्या पायरीपर्यंत पुढं आजा, आणि पायरी आली की सगळ्यांत मागं आजा. नाचायचं त्यांनी, वाजवायचं यानं. हा वाजवता वाजवता जरा घुमला, पाय जरा जास्त उचलला, तर कुणीतरी म्हणायचं, 'ए, तुला नाचायला आणलाय का?' मजुरी काय? उरलेल्या भाताचं पातेलं, कधी एखादं जुनं धोतर. माझ्या बापाला ते पातेलं डोक्यावर घेऊन वाड्यापर्यंत चालत यावं लागायचं. त्यानं दहाव्या वर्षी ते पातेलं ओढ्यात फेकलं आणि पुढं चार वर्षांनी मुंबई गाठली. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला गावकीची लाचार कामं सोडा म्हणून सांगितलं, ती गोष्ट आमच्या घरात पोचायला इतकी वर्षं लागली. पण पोचली.

बापानं मला हलगीला हात लावू दिला नाही. वस्तीत कुठं हलगी वाजली की खिडकी लावून घ्यायचा. मला कळायचं नाही. मला तो आवाज आवडायचा. पोटात कळायचा. आणि माझा बाप, ज्यानं आयुष्यात सिनेमा पाच-सहाच बघितले असतील, तो २०१६ सालच्या मे महिन्यात माझ्याबरोबर 'सैराट' बघायला आला. थिएटरात काय चाललं होतं ते तुम्ही बघितलंय. खुर्च्या सोडून पोरं पडद्यासमोर. बाप काठी धरून बसलेला.

'झिंगाट' कुठं वाजतं ते आठवा. पाटलाच्या घरी. पाटलाच्या पोराचा वाढदिवस आहे, लायटिंग लागलीय, सगळा गाव जमलाय. आणि मधोमध कोण नाचतंय? परश्या आणि त्याचे दोस्त. मासे धरणाऱ्याचा पोरगा, त्याचा लंगडा मित्र, त्याचा दुसरा मित्र. पाटलाच्या अंगणात, पाटलाच्या खर्चानं लावलेल्या गाण्यावर, पाटलाच्या पोरीकडं बघत. आणि अर्चीसुद्धा नाचते. बापानं मला कोपरानं ढोसलं. म्हणाला, 'अंगणात नाचायलेत बघ.' त्याला गाण्याची चाल, शब्द, काय काय दिसलं मला माहीत नाही. त्याला अंगण दिसलं. जिथं त्याचा बाप फक्त वाजवायला उभा होता तिथं पोरं नाचत होती.

हे मी अभिरुचीच्या कुठल्या तराजूत घालू? आपल्या विद्वान मित्रानं सांगावं.

आणि त्याच रात्री, सिनेमातल्या त्याच रात्री, दोघं पकडली जातात. तिथून पळणं सुरू होतं, ते थेट शेवटच्या त्या आवाज नसलेल्या दृश्यापर्यंत. रक्तानं भरलेली लहान पोराची पावलं आणि संपूर्ण शांतता. नागराज मंजुळे हा करमाळ्याच्या जेऊरचा माणूस, वडार समाजातून आलेला. त्याला पक्कं ठाऊक आहे की अंगणातल्या नाचाला किती वेळ मिळतो. एका गाण्याइतका. ज्यांनी नुसतं गाणं उचललं आणि पुढचं सोडलं त्यांच्याबद्दल मी नंतर बोलणार आहे.

आता मित्राचा सगळ्यांत जड मुद्दा. त्यानं पवळाची गोष्ट काढली. आपल्या चळवळीत ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पठ्ठे बापूराव म्हणजे रेठऱ्याचा श्रीधर कुलकर्णी, बामणाचा पोर, तमाशाच्या नादानं घरदार सोडून आला. पवळा म्हणजे हिवरगावची महाराची पोर. दोघांनी सगळा महाराष्ट्र वेडा केला. सांगतात असं की बापूरावांनी तमाशाच्या खेळाचे पैसे चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. पवळाला नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणाले. मित्र म्हणतो, झालं, निकाल लागला. बाबासाहेबांना नाच मंजूर नव्हता.

मी या गोष्टीवर तीन रात्री विचार केला. मस्करी करत नाही. आणि मला असं दिसतं की बाबासाहेबांनी नाच नाकारला नाही, नाचवणं नाकारलं. पैसे फेकणारा एकीकडे बसलेला, नाचणारी आपली पोर दुसरीकडे उभी, हा सौदा नाकारला. आमच्या आज्याची हलगी याच सौद्यातली. पण आपल्याच गल्लीत, आपल्याच वर्गणीतून, कुणीही पैसा न फेकता आपण नाचलो तर त्याला तोच न्याय लागतो का? तसं असेल तर भीमराव कर्डकांचे जलसे कशात बसवायचे? त्यात ढोलकी होती, गाणं होतं, तमाशाचाच साज होता, आणि ते बाबासाहेबांच्या डोळ्यांदेखत झाले. तमाशातला गण-गवळणीचा माल काढून त्यात आपला माल भरला, पण ठेका ठेवला. ठेका टाकून दिला असता तर ऐकायला किती माणसं आली असती?

मी म्हणतो ते सगळ्यांना पटेल असं नाही. या गोष्टीचा दुसरा अर्थ काढणारे आपल्यात आहेत आणि ते मूर्ख नाहीत. पण पवळाची गोष्ट काढून लगेच 'झिंगाट'वर बंदी घालायची, ही उडी मला मोठी वाटते.

बंदीवरून आठवलं. वाईट गाण्यांवर बंदी घालायची कल्पना नवी नाही आणि ती घालणारे लोक कोण होते ते बघा. स्वातंत्र्य मिळालं, मुंबईत बाळासाहेब खेरांचं सरकार होतं आणि तमाशा अश्लील ठरला. बंदी आली. ज्यांचं पोट त्या फडावर होतं ते सगळे महार-मांग-कोल्हाटी रस्त्यावर आले. मग सुधार समिती, मग परवाने, मग कात्री. अण्णाभाऊ साठ्यांनी तमाशाला 'लोकनाट्य' म्हणायला सुरुवात केली. त्या नावामागं हा सगळा इतिहास आहे. नाव बदलल्याशिवाय आत येऊ देईनात.

दुसरं उदाहरण तर फारच गोड आहे. बाळकृष्ण केसकर. पुण्याचे. १९५२ साली दिल्लीत नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि त्यांना वाटलं की सिनेमाची गाणी ऐकून देशाचे कान नासतायत. आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांचा जवळजवळ दुष्काळ पडला. त्याजागी शास्त्रीय संगीत. मी शास्त्रीय संगीताच्या विरोधात नाही, पण ते दंडुका दाखवून ऐकवलं की कुठलाही माणूस उठून जातो. लोकांनी काय केलं? मोर्चा नाही, निवेदन नाही. रेडिओची सुई फिरवली आणि सिलोन लावलं. अमीन सायानी आणि बिनाका गीतमाला. चाळींमधून बुधवारी संध्याकाळी तोच आवाज. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारला विविध भारती काढावी लागली. मंत्री पाच वर्षांत हरला. केसकरांच्या बाजूला आपण जाऊन बसायचं का, एवढंच मला विचारायचंय.

आणि आता शिकागोची गोष्ट सांगतो, कारण आपण काळ्या लोकांचं नाव फार घेतो. ब्लॅक पँथरवरून १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, हे आपण भाषणात सांगतो. पण काळी माणसं नाचायची कशावर, हे कुणी विचारत नाही. डिस्को नावाचं संगीत. ते घडलं काळ्यांच्या, लॅटिनोंच्या, समलिंगी पोरांच्या क्लबांमध्ये. मग ते पैसेवाल्यांच्या हाती गेलं, सगळ्या रेडिओवर तेच, आणि त्यातली बरीच गाणी खरोखर टुकार होती. तेही मान्य. १२ जुलै १९७९. शिकागोचं कमिस्की पार्क हे बेसबॉलचं मैदान. एका गोऱ्या रेडिओवाल्यानं जाहीर केलं, डिस्कोची एक रेकॉर्ड घेऊन या, ९८ सेंटमध्ये आत या. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत त्या सगळ्या रेकॉर्डींचा ढीग मैदानात ठेवून स्फोटानं उडवला. हजारो गोरी पोरं मैदानात घुसली, गवत उपटलं, जाळपोळ केली. दुसरा सामना होऊच शकला नाही. तिथं दारावर काम करणाऱ्या एका काळ्या पोरानं पुढं सांगितलं की लोकांनी आणलेल्या कितीतरी रेकॉर्डी डिस्कोच्या नव्हत्याच. काळ्या गायकांच्या होत्या, एवढंच.

'हे संगीत भिकार आहे' असं म्हणत म्हणत माणूस कुठल्या कुठं पोचतो ते बघा. आणि गंमत अशी की त्याच शिकागोत, वेअरहाउस नावाच्या क्लबात, फ्रँकी नकल्स नावाच्या काळ्या डीजेनं त्याच डिस्कोची हाडं घेऊन नवं संगीत घडवलं. त्याला हाउस म्हणतात. आज आपल्या मिरवणुकीत डीजेवाला भीमगीताच्या खाली जो धप्‌-धप्‌-धप्‌-धप्‌ ठोका देतो, त्याचं एक मूळ तिथं आहे. आपल्या पोरांना हे माहीत नाही. डीजेवाल्यालाही माहीत नाही. पण ठोका आला.

आता आपल्या घरचं. 'नवीन पोपट' आठवतं का? तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेले नव्हते. कॅसेट आली होती, ऐंशीच्या दशकात. मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली, दहा-पंधरा रुपयांची कॅसेट टपरीवर मिळायला लागली आणि आनंद शिंद्यांचा आवाज सगळ्या महाराष्ट्रात घुसला. प्रल्हाद शिंद्यांच्या घरातला पोरगा. त्याच घरानं विठ्ठलाची गाणी गायली, गणपतीची गायली, कव्वाल्या गायल्या आणि भीमगीतं गायली. आणि पोपटसुद्धा गायला. दोन अर्थांचा. पांढरपेशांनी नाकाला रुमाल लावला. आणि आपल्यातल्या सुशिक्षितांनी? त्यांनीसुद्धा लावला, जरा मोठाच लावला. कारण आपल्याला नेहमी दोनदा स्वच्छ दिसावं लागतं. ही घाई मला कळते. माझ्या बापाची खिडकी ती हीच. त्याच्या खिडकीला कारण होतं, पातेलं होतं. आपल्या खिडकीला काय कारण आहे?

मला एक गोष्ट फार छळते, ती बोलतो. शिर्डी, मे २०१५. एक तरुण पोरगा, नर्सिंग शिकणारा, मित्रांबरोबर दुकानात बसलेला. फोन वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची. तिथं बसलेल्या काही जणांना ती खुपली. बंद कर म्हणाले. भांडण झालं, त्याला उचलून नेलं आणि मारून टाकलं. कशावरून? मोबाइलच्या त्या चिमुकल्या स्पीकरवरून वाजणाऱ्या गाण्यावरून. ती गाणी कशी असतात तुम्हाला माहीत आहे. कीबोर्ड, पॅड, आवाजात भरपूर एको. संगीताचा कुठलाही समीक्षक दोन मिनिटं ऐकणार नाही. गाणं वाईट की चांगलं हा वाद तिथं, त्या दुकानात, कुणी घातला नव्हता. मारणाऱ्यांना त्या गाण्याचा दर्जा चांगला कळला होता. आपल्यापेक्षा जास्त.

त्याच्या आदल्या वर्षी, २८ एप्रिल २०१४ ला, नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांचा शाळकरी पोरगा मारला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो म्हणून, असा आरोप. २०१७ साली कोर्टातून आरोपी सुटले. 'सैराट' आला २९ एप्रिल २०१६ ला. दोन वर्षं आणि एक दिवस. त्या तारखा कुणी जुळवल्या नसतील, पण मी जेव्हा जेव्हा 'झिंगाट'वर नाचतो तेव्हा हे मला आठवतं. रोज आठवत नाही, खोटं कशाला सांगू. पण आठवतं. आणि जून २०२३ मध्ये नांदेडजवळ बोंढारला काय झालं? तिथं पोरांनी भीमजयंती काढली होती. त्याचा राग धरून लग्नाच्या वरातीतल्या माणसांनी एकाला भोसकलं, असा गुन्हा दाखल झाला. वरात! म्हणजे तिथंही गाणी लागलेली होती, तिथंही नाच चालू होता. कोण जाणे, 'झिंगाट'सुद्धा वाजून गेलं असेल.

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की हे गाणं ऐकून सगळ्या जाती एकत्र नाचतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. गाण्यानं जात मोडत नाही. ज्या गावात परश्याला झाडाला बांधतील त्याच गावात 'झिंगाट' लागतं. हा मुद्दा मी माझ्या 'भारीय' म्हणणाऱ्या दोस्ताला सांगतो, कारण तो इथं जरा हुरळलाय.

आणि मगाशी राहिलेलं. २०१८ साली हिंदीत 'धडक' आला. मोठी कंपनी, मोठ्या घरची पोरं. गोष्ट सोलापूरकडून उचलून राजस्थानात उदयपूरला नेली. 'झिंगाट' घेतलं, हिंदी शब्द घातले, ठेका तोच. पण जात? ती जवळजवळ गाळली. एखाद-दुसऱ्या वाक्यात पुसट. म्हणजे आमचा ठेका यांना चालतो, तो ठेका ज्या अंगणात वाजला त्या अंगणाची भानगड चालत नाही. इथं मी माझ्या विद्वान मित्राच्या बाजूला येऊन उभा राहतो. कंपनी विकते, हे त्याचं खरं आहे. मूळ सिनेमासुद्धा झी कंपनीच्या पैशानंच निघाला, शंभर कोटींच्या आसपास गल्ला झाला, आणि त्यातला किती जेऊरला पोचला हा प्रश्न विचारायलाच पाहिजे. गाण्याचे पैसे आजही कुणाच्या तरी खात्यात पडतायत. आपल्या नाही. पण मग आपण वापरतो तो मोबाइल, आपण घालतो ती जीन्स, आपलं हे स्पीकरचं भाड्याचं खोकं, सगळ्याला हाच न्याय लावावा लागेल. लावूया. पण मग एकट्या 'झिंगाट'ला धरून बडवू नका.

आता शेवटचं, आणि ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं नाही, मला ते उशिरा कळलं. परवा मंडळातल्या एका बहिणीनं मला थांबवलं. म्हणाली, दादा, तुम्ही अडीच तास भांडलात, गाणं चांगलं की वाईट. मला एकानंही विचारलं नाही. मला ते गाणं आवडतं. लहानपणी घरात आरशासमोर नाचायचे. पण मिरवणुकीत लागलं की मी फुटपाथवर असते. कारण त्या गाण्यावर पोरं जशी अंगावर येतात ती तुम्हाला माहीत नसेल, मला माहीत आहे. आईसुद्धा फुटपाथवर. तिच्या कडेवर पोर. तुम्ही मध्ये.

मी तिला काही उत्तर दिलं नाही. माझ्याकडे नव्हतं. आज्याला कुणी 'तुला नाचायला आणलाय का' विचारलं होतं, ते मी तुम्हाला मघाशी एवढ्या तावात सांगितलं. आमच्या गल्लीत ते तोंडानं कुणी विचारत नाही, पण ती फुटपाथवर आहे. पडद्यावर अर्ची नाचते म्हणून आम्ही शिट्ट्या मारतो आणि आमच्या गल्लीतली अर्ची पाण्याचे ग्लास वाटते. गाण्याचा यात दोष किती आणि आमचा किती, मला वाटतं आमचाच जास्त. 'पोपट'सारख्या गाण्याच्या बाबतीत गाण्याचाही आहे, ते मी सोडत नाही. दोन अर्थांतला दुसरा अर्थ नेहमी कुणाच्या अंगावर जातो ते बघा.

तेव्हा माझा प्रस्ताव असा आहे, आणि तो फार क्रांतिकारक वगैरे नाही. यादीतून 'झिंगाट' काढू नका. पण ते लागेल तेव्हा दोरी धरून मधली जागा मोकळी करायची आणि बायका-पोरी आधी. पोरांनी दोरीला उभं राहायचं. ज्याला हे जमत नाही त्यानं पुस्तकांच्या स्टॉलवर बसायचं, तिथं माणसं कमीच पडतात. पहिली दोरी मी धरतो. आणि सुरुवात वामनदादांच्या गाण्यानं, त्यात वाद नको. हलगीवाला मी सांगितलाय, माझ्या चुलतभावाचा पोरगा. तो इंजिनिअरिंगला आहे, हौसेनं शिकलाय, युट्यूबवरून. बापाला मी अजून सांगितलेलं नाही. खिडकी लावतोय की खाली येतोय ते बघू.

आवाजाचं म्हणाल तर गल्लीत दोन म्हातारे हार्टचे आहेत, एक तान्हं आहे. भिंती हलवणारे खोके नकोत. आणि रात्री दहाला बंद म्हणजे बंद. कायदाच आहे तो, आपल्यावर तो जरा लवकर लागू होतो एवढंच.

कुणाला विरोध करायचा असेल त्यानं आता करावा. पण उभं राहून, आणि आय न काढता.